दावणीला उभा चॉपर

नव्या गाडीचं सांगण्यासारखं काही नसतं. किल्ली फिरवली, निघालो, पोचलो. संपलं. जुन्या गाडीवर निघालेला माणूस मात्र कधी नुसता पोचत नाही. तो उशिरा पोचतो, काळ्या हातांनी पोचतो आणि हेल्मेट काढायच्या आत म्हणतो, "अहो, आज काय झालं माहितीये का?" असली माणसं दर रविवारी एका जागी जमली की किस्से साठायला काय वेळ लागतो! आमच्याकडे तर भंगारापेक्षा किस्सेच जास्त झालेत.

ही जागा म्हणजे पिंपळवंडीतली पंडितची शेड. पंडित फॅब्रिकेशनवाला. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असलं पोटापाण्याचं काम तो आठवडाभर करतो आणि रविवारी जुन्या मोटारसायकली उघडून बसतो. मी नर्स. डिंभ्याच्या बाजूला उपकेंद्रात असते. एसटी येईल तेव्हा येते, बाळं काही तिच्यासाठी थांबत नाहीत, म्हणून मी वडिलांची राजदूत चालवते. वडील पाटबंधारे खात्यात होते. नोकरी लागल्यावर त्यांनी पहिली मोठी खरेदी केली ती ही गाडी. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं तीच असायची, आणि तिच्यावर टाकीला धरून मी.

एकदा ही राजदूत रस्त्यात बसली ती उठेचना. टेम्पोत घालून पंडितकडे आणली. त्यानं बॅटरीचा उजेड मारून आत बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "सिस्टर, पेशंटला ॲडमिट करायला लागंल."

"किती दिवस?"

"ते आत्ताच सांगता यायचं न्हाई. नातेवाइकांनी धीर धरायचा."

माझंच वाक्य! आणि चेहराही अगदी माझ्यासारखा केला होता मेल्यानं.

रविवारी गाडी न्यायला गेले तर मंडळ बसलेलं. त्यात हांडे सर. निवृत्त शिक्षक, जावा मोटारसायकलवाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, राजदूतभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "ओरिजिनल आहे का?"

मी म्हटलं, "सर, वडील ओरिजिनल होते. गाडीचं मला माहीत नाही."

शेडमध्ये असा हशा पिकला की पंडितच्या बायकोनं आतून चहाचा एक कप वाढवला. त्या दिवसापासून मी मंडळात.

०

हांडे सरांचं ओरिजिनलचं वेड हे एक प्रकरणच आहे. त्यांच्या जावाला सगळं जुनं, जिथलं तिथं हवं. डुप्लिकेट स्क्रू दिसला तरी त्यांना शिंका येतात. सगळं जमलं, पण पुढच्या दिव्याची मूळ वाटी काही मिळेना. पुणं झालं, नाशिक झालं. शेवटी कुणीतरी सांगितलं, घाटघरला एका म्हातारीच्या अंगणात तसला दिवा बघितलाय.

सर तडक घाटघरला. अंगणात दिवा होता. त्याची वाटी उताणी ठेवलेली, तिच्यात पाणी, आणि भोवती कोंबड्या.

"आजी, ही वाटी मला देता का?"

"न्हाई बाबा. कोंबड्यांना सवय झालीय तिची."

सरांनी बरोबर नेलेला डबा रिकामा केला आणि चकचकीत स्टीलची वाटी पुढं ठेवली. म्हातारी कशीबशी तयार झाली. सर वाटी छातीशी धरून घाट उतरले. संध्याकाळी म्हातारीच्या नातवाचा फोन. "सर, आजी बोलतीय." आजी म्हणाली, "मास्तर, तुमची वाटी घिऊन जावा आन माजी आनून द्या. कोंबड्या सकाळधरनं पान्याला शिवल्या न्हाईत."

सर पेचात पडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून तस्साच दिसणारा डुप्लिकेट दिवा आणला, त्याची वाटी काढली आणि घाटघरला नेऊन अंगणात ठेवली. कोंबड्या आल्या, प्यायल्या. प्रश्न मिटला.

आम्ही म्हटलं, "सर, बघा. कोंबड्यांना फरक कळला नाही!"

सर गंभीरपणे म्हणाले, "कळला असणार. अंडी कमी झालीत म्हणे."

०

आता पंडितच्या चॉपरचं सांगायलाच हवं, कारण बाकी सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

चॉपर म्हणजे पुढचं चाक लांब गेलेली, हँडल वर चढलेलं, सीट खाली बसलेलं अशी गाडी. मोबाइलवर बघून पंडितच्या डोक्यात ती शिरली. एका जुन्या बुलेटचा सांगाडा त्याच्याकडे पडून होता. मग काय, ट्रॉलीचं काम संपलं की उरलेल्या वेळात हे सुरू. पुढचे पाइप घरी वाकवले, टाकी घरी ठोकली, सीट ट्रॅक्टरच्या लोखंडी बैठकीवरून बेतलं. बायको म्हणायची, "माज्या किचनचा ओटा दोन वर्सं लोंबकळतोय, आन ह्या बयेचा मेकअप रोज!"

गाडी झाली मात्र देखणी. खोटं कशाला बोलू? मी आजवर खूप नवजात बाळं बघितली आणि सगळ्यांच्या आयांना 'गोड आहे हो' म्हटलं. ते नेहमीच खरं नव्हतं. चॉपर बघून मी जे म्हटलं ते खरं होतं.

पण पंडितला माझं कौतुक नको होतं. त्याला तात्यांचं हवं होतं. तात्या म्हणजे त्याचे वडील. बैलगाड्याच्या शर्यतीतलं मोठं नाव. जुन्नर-आंबेगावच्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, त्यांचे बैल पळालेत, आणि बैल नुसता चालताना बघून तो कसा पळेल हे ते सांगायचे, असं लोक अजून बोलतात. मग मधे शर्यती बंद पडल्या, बैल म्हातारे झाले, एकेक करून गेले. गोठा रिकामा राहिला. पंडितला बैलांचा नाद कधीच नव्हता, त्याला लोखंडाचा. त्यानं त्या गोठ्यावर पत्रा टाकून शेड केली. जिथं तात्यांचे बैल बांधलेले असायचे, नेमक्या त्याच दावणीला आता चॉपर उभा होता.

तात्या शेडसमोरून दिवसातून दहादा जायचे. पण तोंड पलीकडं करून. चॉपरकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

एकदा मी गाडीचं गिअर ऑइल बघत असताना पंडित हळूच म्हणाला, "सिस्टर, त्यांनी शिव्या दिल्या तरी चालतील मला. पन एकदा नुसतं बघावं. एवडं केलंय ते कुनासाठी केलंय मग?"

एरवी दिवसभर गावाला टोमणे मारणारा हा माणूस, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "बघतील रे." दुसरं काय म्हणणार?

०

चॉपरची एक अडचण पहिल्याच दिवशी कळली. तो वळत नाही.

म्हणजे वळतो, पण त्याला मैदान लागतं. आमच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या, चॉपर ट्रॉलीच्या मापाचा. त्यामुळे पंडित एकदा निघाला की सरळ निघाला. बायकोनं कोथिंबीर आणायला पाठवलं की हा दुकानासमोरून जोरात निघून जायचा, थेट गावाबाहेर शाळेच्या पटांगणात वळायचा आणि परत यायचा. दुकानदार शहाणा. त्यानं पद्धत लावली. जाताना पंडितनं ओरडायचं, "कोथमीर!" आणि येताना त्यानं ती हातात द्यायची.

दुसरी अडचण हँडलची. ते इतकं उंच की चालवताना दोन्ही हात खांद्याच्या वर. एकदा तो मला भेटायला डिंभ्याकडे आला. थांब्यावर एक आजीबाई एसटीची वाट बघत बसलेल्या. वाट बघून बघून त्या ज्या मनःस्थितीत होत्या, त्यात हा समोर आला, दोन्ही हात वर.

आजीबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्याच्या मागं बघत कळवळून म्हणाल्या, "आरं लेकरा, कुनी बंदूक रोखलीय का तुज्यावर?"

"न्हाई आजी, गाडीच तशी हाय."

"मग गाडीला सांग, आमच्याकडं काय न्हाई लुटायला. एसटीसुदिक न्हाई!"

०

मंडळात डिंभ्याचा किसन आहे. धरणात मासे धरतो आणि बाजारात नेतो, तेही बापाच्या वेळच्या बुलेटवर. गाडीचा आवाज अप्रतिम. वासाबद्दल बोलायला नको. किसन म्हणतो की वास येत नाही. बरोबर आहे, त्याला नाहीच येत.

एकदा पुण्याहून जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक ग्रुप आला. चामड्याची जॅकेटं, मोठाले कॅमेरे. त्यांना धरणाच्या पाण्याच्या कडेला आमच्या गाड्यांचे फोटो काढायचे होते. सगळ्या गाड्या ओळीनं लावल्या. ऊन छान आलं. फोटोग्राफर पोटावर झोपला. आणि हळूहळू मांजरं जमायला लागली.

एक आलं, ते किसनच्या सीटवर बसलं. दुसरं टाकीवर. मग आणखी आली, तर त्यांना बुलेटवर जागाच उरली नाही, म्हणून ती शेजारच्या गाड्यांवर पसरली. हांडे सरांच्या जावाच्या ओरिजिनल सीटवर एक बोका नखं परजत बसला. सर 'शुक शुक' करून दमले. हाकललं की पुन्हा हजर. शेवटी फोटोग्राफर वैतागून म्हणाला, "असू द्या, तसेच काढतो."

ते फोटो नेटवर गाजले. हजारो लोकांना आवडले म्हणे. खाली कुणीतरी इंग्रजीत विचारलं होतं, मांजरांची ही कल्पना कुणाची? त्या ग्रुपमधल्या एकानं किसनला फोन करून मराठीत तोच प्रश्न केला.

किसन शांतपणे म्हणाला, "माजीच. रोज राबवतो मी ती."

०

माझ्या राजदूतचाही एक सांगते.

वाड्यावस्त्यांवर लसीकरणाला जाते तेव्हा माझ्या गाडीचा फटफटाट लांबूनच ऐकू जातो. तो ऐकला की पोरं पसार. कुणी माळ्यावर, कुणी गवतात, कुणी थेट डोंगरात. मी पोचते तेव्हा अंगणात फक्त म्हाताऱ्या आणि कुत्री. मग आया काठ्या घेऊन पोरं शोधायला निघतात आणि माझा निम्मा दिवस त्यात जातो.

हे मी पंडितला सांगितलं. त्यानं नवा सायलेंसर बसवून दिला, मांजरीच्या पावलांसारखा गुपचूप. दुसऱ्या दिवशी एका वाडीवर गेले तर सगळी पोरं गोट्या खेळताना सापडली! एकही सुटलं नाही. आयांनी मला नारळ दिला. मी खुशीत.

पुढच्या रविवारी शेडच्या दारात त्या वाडीतली पोरं उभी. कुणाच्या तरी टेम्पोत बसून एवढ्या लांब आलेली. त्यातल्या धाडसी पोरीनं पुढं होऊन पंडितला विचारलं, "सिस्टरच्या गाडीचा आवाज तुमी काडला का?"

"व्हय, मीच."

तिनं फ्रॉकच्या ओच्यातली बोरं टेबलावर ओतली. "मग परत घाला."

पंडितनं बोरं बघितली, पोरं बघितली, मला बघितलं. आणि त्या लाचखोरानं माझ्यादेखत जुना सायलेंसर उचलला! म्हणतो कसा, "सिस्टर, राग मानू नका. पार्टी मोठी हाय."

०

लग्नाचा किस्सा तर गावात अजून सांगतात.

पंडितच्या मावसभावाचं लग्न. नवरदेवाला घोडीवर नको, चॉपरवर यायचं होतं. चॉपरवर बसायला एकच जागा, म्हणजे नवरदेवानंच चालवायला हवं. पंडितनं त्याला आठवडाभर शिकवलं. सरळ जाणं, थांबणं, सगळं. बँड वाजला, नवरदेव फेटा बांधून निघाला. दोन्ही हात वर, मुंडावळ्या वाऱ्यावर. काय दिसत होता म्हणून सांगू!

मांडव आला. पण पोरं नाचायची थांबेनात, रस्ता मोकळा होईना, नवरदेव घाबरला आणि थांबायचं सोडून त्यानं गाडी बाजूनं काढली ती पुढं. आता पुढं गेला म्हणजे वळणार कुठं? सरळच जात राहिला. पुढं त्याच रस्त्यावर दुसरं लग्न. त्या मांडवाच्या दारात बायका ताट घेऊन उभ्याच होत्या. नवरदेव दिसला, त्यांनी पुढं होऊन भाकरतुकडा ओवाळला, कुंकू लावलं, करवलीनं गाडीसमोर तांब्या धरला!

तेवढ्यात त्यांचा खरा नवरदेव घोडीवरून आला. त्यानं आपल्या मांडवात हा फेटेवाला बघितला आणि घोडीवरूनच ओरडला, "ह्यो कोन?"

आमचा नवरदेव घामाघूम. म्हणाला, "दादा, मी फक्त वळायला आलोय!"

सगळे पोट धरून हसत होते. पंडित मात्र पळत पळत तिथं पोचला तो गर्दीत तात्यांना शोधायला. तात्या लग्नाला आले होते. एवढा गोंधळ झाला, गाडीभोवती सगळा गाव जमला, आता तरी त्यांनी बघितलं असणार, असं त्याला वाटलं. तात्या होतेही तिथंच. चॉपरकडे पाठ करून ते त्या दुसऱ्या नवरदेवाच्या घोडीच्या मानेवरून हात फिरवत होते. "काय पाय हायेत हिचे! वा!"

पंडितनं चॉपर हातानं ढकलत घरी नेला. चालू करायचंसुद्धा त्याच्या मनात आलं नाही. मी राजदूत बंद करून त्याच्याबरोबर चालले. 

०

आणि मग यंदाची यात्रा.

यात्रेत पुन्हा सुरू झालेल्या बैलगाडा शर्यतीच्या आदल्या दिवशी जुन्या मोटारसायकलींचं प्रदर्शन भरवायचं कमिटीनं ठरवलं. नंबर काढायचे, ढाल द्यायची. पण परीक्षक कोण? ज्याचं नाव काढावं तो कुणाचा तरी मेव्हणा निघायचा. भांडणं लागायची वेळ आली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तात्यांना बसवा. त्यांच्या निकालावर ह्या तालुक्यात कुनी बोट ठिवलेलं न्हाई."

तात्या म्हणाले, "मला मशिनीतलं काय कळतंय?"

अध्यक्ष म्हणाले, "तात्या, आमाला तरी कुटं कळतंय!"

पंडितनं निरोप पाठवला की बाप परीक्षक आणि पोरगं स्पर्धेत, हे बरं दिसत नाही. तात्यांनी अध्यक्षांनाच उत्तर दिलं, "त्याला सांगा, भिऊ नको. माज्याकडनं फुकटचा नंबर माज्या बैलांनासुदिक कदी मिळाला न्हाई."

पण आतून पंडित हवेत होता. मला म्हणाला, "सिस्टर, आता कुटं जातील? नंबर काडायचा तर बघायलाच लागंल!" त्या आठवड्यात त्यानं चॉपर इतका पुसला की रंग निघेल अशी मला भीती वाटली.

प्रदर्शनाच्या दिवशी तात्या आले. पांढरी टोपी, बंडी, हातात वेताची काठी. आम्ही सगळ्यांनी गाड्या चालू करून ठेवलेल्या, नुसता धडधडाट. तात्यांनी काठी वर केली.

"इंजनं बंद. हातानं फिरवून दाखवा. जनावर कदी वर बसून पारखत्यात का?"

झालं! भर उन्हात एकेक जण आपापली गाडी कासरा धरल्यासारखी हँडलला धरून मैदानात फिरवू लागला. तात्या मागं काठीवर रेलून चाल बघत होते. हांडे सरांना तर धाप लागली.

तात्या म्हणाले, "चाल बरी हाय. पन लई नटवलंय."

"तात्या, सगळं ओरिजिनल आहे हो!"

"तेच म्हन्तो. कामाला न जुपता गोठ्यात ठिवलं की जनावर असंच चकाकतं."

मग किसन. तात्यांनी बुलेटजवळ जाऊन नाक वर केलं. "हिला धुतोस का कदी?"

"रोज तात्या! धरनात नेऊन धुतो."

"मग आता धरन धुवायला पायजे."

माझ्या राजदूतचं सीट त्यांनी दाबून बघितलं, लसीचा डबा बांधायचा दोर बघितला. "रोज कुटवर जाती?" मी वाड्यांची नावं सांगायला लागले. निम्म्यावर त्यांनी हात केला, "बास."

शेवटी पंडित. चॉपर वळेना, म्हणून लोकांना मागं सारून तो त्याला मैदानाच्या पार टोकाला घेऊन गेला आणि तिथून वळवून सरळ तात्यांच्या दिशेनं आणू लागला. लांबून येतोय, येतोय. आणि तात्या बघत होते. तोंड न फिरवता, डोळ्यावर हात धरून बघत होते. मी किसनचा हात घट्ट धरला.

चॉपर जवळ आला. तात्या त्याच्याभोवती हळूहळू फिरले. टाकीवर तळवा ठेवला. पुढच्या पाइपांवरून वरपासून खालपर्यंत हात नेला, जोडावर अंगठा फिरवला. मागं जाऊन उभे राहिले. पंडितच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्याला हात सोडवत नव्हता. मग तात्या काठी टेकत स्टेजकडे निघून गेले.

माइकवर निकाल सांगितला. तिसरा नंबर हांडे सर. दुसरा किसन, वास वगळून. "आन पैला नंबर, सिस्टरबाईंची राजदूत. रोज कामाला जाती म्हनून."

टाळ्या झाल्या. नारळ, ढाल माझ्या हातात आली. मला वडील आठवले, पण आनंद काही होईना. चॉपरचं नावच नव्हतं. अध्यक्षांनाही राहवलं नाही. "तात्या, त्या लांब गाडीचं काय?"

तात्यांनी माइक तोंडाजवळ घेतला. "त्येचं काय? उंटाचं शिंगरू! ते नंबरात बसत न्हाई."

सगळं मैदान हसलं. पंडितही हसला. त्याचं ते हसू बघून मला तात्यांचा असा राग आला की ढाल तिथंच ठेवून त्यांना चार शब्द सुनवावेत. माणसानं इतकं कोरडं असावं?

निकालानंतर लोकांना चॉपरच दिसत होता. पोरं, बायका, पाहुणे, सगळ्यांनी त्याला गराडा घातला. मोबाइल वर झाले, सेल्फी सुरू झाल्या. कुणी म्हणतंय, "लई भारी!" कुणी म्हणतंय, "आख्ख्या जिल्ह्यात न्हाई असली." पंडित बाजूला मान खाली घालून फडक्यानं हात पुसत उभा.

गर्दीला काठीनं बाजूला करत तात्या आत आले. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी काळ्या लोकरीचा जुना, विटलेला पेड काढला. मी तो ओळखला नाही, पण शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं आणि मला सांगितलं. तात्यांच्या शेवटच्या बैलाच्या पायातला दृष्टीचा गंडा होता तो. गेल्या वर्षी शेजारच्या गावचा एक गाडामालक आपल्या बैलासाठी तो मागायला पेढे घेऊन आला होता, तर तात्यांनी त्याला पेढ्यांसकट परत पाठवलं होतं.

तात्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी पंडितच्या खांद्यावर भार टाकला आणि खाली बसले. पुढच्या चाकाशी, पाइपाच्या खालच्या टोकाला त्यांनी ती लोकर गुंडाळली. एक गाठ मारली, ओढून बघितली, वर दुसरी मारली. मग पंडितचा हात धरून उठले आणि काठी उगारून सगळ्यांवर खेकसले,

"चला, सरका मागं! लई टक लावून बघू नका त्याच्याकडं!"